सेकंडहँड लॅपटॉपवर मूळ विंडोज परत कशी आणावी?

सावकाश

नमस्कार. गेल्या महिन्यात मी एक वापरलेला लॅपटॉप विकत घेतला. अकराव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर, ८ जीबी रॅम आणि २५६ जीबीची एनव्हीएमई एसएसडी असलेले हे यंत्र सुस्थितीत आहे. तक्रार आहे ती त्यावरच्या विंडोजविषयी. यंत्रासोबत मिळालेल्या मूळ खरेदीच्या कागदावर ‘विंडोज १० होम सिंगल लँग्वेज’ असे लिहिलेले आहे, प्रत्यक्षात मात्र त्यावर विंडोज १० प्रो चालू आहे. विक्रेत्याला विचारले तेव्हा ‘वरची आवृत्ती फुकट मिळाली, मग बिघडले कुठे?’ असे उत्तर मिळाले. नंतर डिफेंडरच्या (विंडोजच्या स्वतःच्या अँटिव्हायरसच्या) सेटिंगमध्ये पाहिले, तर एक फोल्डर विषाणू-तपासणीतून वगळलेले आढळले, आणि ते मी वगळलेले नाही. त्यानंतर या यंत्रावर बँकेचे व्यवहार करण्याचे धाडस होत नाही.

कारखान्यातून यंत्र निघाले तेव्हा जी विंडोज होती, ती रीतसर परवान्यासह परत आणता येईल का? डिस्क मॅनेजमेंटमध्ये ५२९ एमबीचे ‘रिकव्हरी’ नावाचे एक पार्टिशन दिसते. मूळ विंडोज त्यात दडलेली असेल, अशी माझी आशा आहे.

तिसरी घंटा

इतका विचार कशाला करता? सेटिंगमध्ये जाऊन ‘रिसेट धिस पीसी’ निवडा, ‘सगळे काढून टाका’ म्हणा, आणि दोन तासांत लॅपटॉप नव्यासारखा होईल.

पाना-पक्कड

तिसरी घंटा यांचा सल्ला एरवी योग्य ठरला असता, परंतु या प्रकरणात तो उपयोगाचा नाही. रिसेट केल्यावर जी विंडोज उभी राहते ती त्या घडीला यंत्रावर असलेल्याच आवृत्तीची असते. स्थानिक फायलींतून उभारा किंवा मे २०२० च्या सुधारणेपासून आलेला ‘क्लाउड डाउनलोड’चा पर्याय निवडा, प्रोच्या जागी पुन्हा प्रोच येईल. विक्रेत्याने कारखान्यातली विंडोज पुसली त्याच दिवशी रिसेट आणि ‘मूळ’ यांचा संबंध संपला.

त्या ५२९ एमबीच्या पार्टिशनविषयीही गैरसमज नको. विंडोज १० स्वतःच बसताना एवढ्याच आकाराचे पार्टिशन तयार करते आणि त्यात केवळ दुरुस्तीची साधने असतात. कंपनीने ठेवलेली संपूर्ण प्रत असती, तर ते पार्टिशन दहा-पंधरा जीबीचे तरी दिसले असते.

मुळात ‘मूळ विंडोज’ या दोन शब्दांत आपण तीन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र बांधतो. पहिली म्हणजे परवाना, दुसरी म्हणजे आवृत्ती (होम, प्रो वगैरे), आणि तिसरी म्हणजे कंपनीने आपल्या ड्रायव्हरांसह (यंत्राचे सुटे भाग चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रामांसह) आणि (नको असलेल्या) प्रोग्रामांसह तयार केलेली प्रत. यांपैकी तिसरी डिस्कवर असते आणि पुसली जाते. पहिली मात्र २०१२ साली आलेल्या विंडोज ८ पासून मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्ये (बोर्डावरच साठवलेल्या प्रोग्रामात) कोरलेली असते. विक्रेत्याने डिस्क दहा वेळा फॉरमॅट केली असली, नवी डिस्क घातली असली, तरी तिला धक्का लागत नाही. आणि दुसरी, म्हणजे आवृत्ती, त्या पहिलीवरूनच ठरते. तेव्हा काहीही पुसण्याआधी बोर्डावर काय कोरले आहे, ते वाचून घ्या.

त्यासाठी पॉवरशेल (आज्ञा टंकण्याची विंडोजमधील खिडकी) प्रशासकाच्या अधिकाराने उघडून ‘सॉफ्टवेअर लायसन्सिंग सर्व्हिस’ या वर्गातील दोन मूल्ये मागवा: ‘ओए३एक्स ओरिजिनल प्रॉडक्ट की’ आणि त्याच नावापुढे ‘डिस्क्रिप्शन’ जोडलेले दुसरे. पहिल्यात पंचवीस अक्षरांची की मिळेल, दुसऱ्यात ती कोणत्या आवृत्तीची आहे ते कळेल. ती की कागदावर उतरवून ठेवा. येथे मात्र लिहू नका. यानंतर ‘एसएलएमजीआर’ ही आज्ञा ‘डीएलव्ही’ या पर्यायासह चालवा आणि जी चौकट उघडेल तिच्यात ‘चॅनल’ या शब्दाआधी काय लिहिले आहे ते येथे कळवा.

सावकाश

आपण सांगितल्याप्रमाणे केले. फर्मवेअरमधील की मिळाली. वर्णनात मात्र ‘कोअर सिंगल लँग्वेज’ आणि त्यापुढे ‘ओईएम डीएम’ असे आले आहे. होम हा शब्द कुठेही नाही, त्यामुळे थोडा संभ्रम झाला.

दुसऱ्या आज्ञेच्या चौकटीत ‘व्हॉल्यूम केएमएस क्लायंट’ असे दिसते. त्याखाली मुदत २,५९,२०० मिनिटे, म्हणजे १८० दिवस, अशी दाखवली आहे, आणि केएमएस यंत्राचा पत्ता १२७ ने सुरू होणारा आहे.

पाना-पक्कड

‘कोअर’ हे होम आवृत्तीचेच मायक्रोसॉफ्टच्या घरातले नाव आहे, त्यामुळे आपला कागद आणि आपला बोर्ड एकच गोष्ट सांगत आहेत. ‘ओईएम डीएम’ म्हणजे यंत्र बनवणाऱ्या कंपनीने बोर्डावर कोरलेली की. परवाना शाबूत आहे.

आता त्या चौकटीविषयी. केएमएस ही मोठ्या संस्थांसाठी केलेली सोय आहे. संस्थेच्या जाळ्यात एक सर्व्हर असतो, बाकीची यंत्रे त्याच्याकडून १८० दिवसांची मान्यता घेतात आणि साधारण दर सात दिवसांनी ती नवी करून घेण्याचा प्रयत्न करतात. आपल्या घरी असा सर्व्हर नाही. १२७ ने सुरू होणारा पत्ता म्हणजे यंत्राचा स्वतःचाच पत्ता. थोडक्यात, लॅपटॉपमध्येच एक तोतया सर्व्हर बसवलेला असून यंत्र स्वतःलाच मान्यता देत बसले आहे. डिफेंडरने त्याला पकडू नये म्हणूनच ते फोल्डर तपासणीतून वगळलेले असणार. त्या फोल्डरात आणखी काय आहे याची खात्री कोणीच देऊ शकत नाही, म्हणून दुरुस्त्या करत बसू नका. डिस्क पूर्ण पुसून नव्याने विंडोज बसवणे हाच मार्ग आहे. तसेही प्रोवरून होमवर जागच्या जागी उतरता येत नाही.

उगवता

ज्यांच्या वापरलेल्या यंत्रावर लिनक्स बसवलेले आहे, त्यांच्यासाठी एक भर घालतो. माझ्या लॅपटॉपवर विक्रेत्याने उबुंटू घातले होते आणि ‘याला विंडोजचा परवाना नव्हताच’ असे सांगितले होते. लिनक्समध्ये फर्मवेअरचे एसीपीआय तक्ते (यंत्राविषयीच्या माहितीचे तक्ते) फायलींच्या रूपात दिसतात. ‘सिस’ फोल्डरातील ‘फर्मवेअर’, त्यात ‘एसीपीआय’ आणि त्यात ‘टेबल्स’ असे आत जात राहिले, की ‘एमएसडीएम’ नावाची फाइल सापडते. रूट अधिकाराने ती उघडली, तेव्हा अवघ्या ८५ बाइटचा तो तक्ता समोर आला. सुरुवातीचे ५६ बाइट बहुतेक तांत्रिक मजकुराचे होते, आणि उरलेली २९ अक्षरे म्हणजे पंचवीस अक्षरांची की व तिच्यातील चार आडव्या रेघा. विक्रेता खोटे बोलला की त्याला खरोखरच माहीत नव्हते, हे मला आजही कळलेले नाही.

ही फाइलच नसेल, तर एक तर यंत्र विंडोजविना विकले गेले असावे, किंवा दुरुस्तीत मदरबोर्ड बदलला गेला असावा. दुसऱ्या शक्यतेचा पडताळा घ्यायचा असेल तर बायोसमधील (विंडोज सुरू होण्याआधी उघडणाऱ्या फर्मवेअरच्या मांडणीतील) अनुक्रमांक तळाच्या लेबलशी ताडून पाहावा. बायोसमध्ये तो रकाना रिकामा असेल किंवा त्यात ‘डिफॉल्ट स्ट्रिंग’ असे काही असेल, तर बोर्ड मूळचा नाही असे समजायला हरकत नाही.

जुना कळफलक

विंडोज ७ च्या काळातील यंत्रांना वरील काहीही लागू नाही, हे नोंदवणे आवश्यक वाटते. त्या यंत्रांच्या फर्मवेअरमध्ये की नव्हती, केवळ ‘एसएलआयसी’ नावाची कंपनीची खूण होती. कारखान्यातील प्रतीवर त्या कंपनीच्या सर्व यंत्रांसाठी एकच सामायिक की वापरलेली असे, आणि आपल्या यंत्राची स्वतंत्र की तळाच्या किंवा बॅटरीखालच्या स्टिकरवर छापलेली असे. त्यामुळे एखाद्या प्रोग्रामने शोधून दाखवलेली की आणि स्टिकरवरची की जुळत नाही म्हणून अनेक जण घाबरतात. ती जुळणार नव्हतीच. स्टिकरवरची अक्षरे मांडीवर घासून पुसट झालेली असतात. बॅटरी दिवा तिरका धरून, फोनने फोटो काढून आणि तो मोठा करून मी अशा तीन स्टिकरांवरची अक्षरे वाचली आहेत. बी आणि आठ यांत मात्र दर वेळी फसलो.

विंडोज ७ ला मिळणाऱ्या सर्वसाधारण सुरक्षा सुधारणा १४ जानेवारी २०२० रोजी थांबल्या, त्यामुळे हा खटाटोप आता जालाला न जोडलेल्या एखाद्या जुन्या यंत्रापुरताच उरला आहे.

निळाई

जुना कळफलक यांनी तारखेचा विषय काढला म्हणून विचारते. विंडोज १० च्या सर्वसाधारण सुरक्षा सुधारणाही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्या आहेत. मग सावकाश यांनी एवढी मेहनत करून विंडोज १० परत आणावी कशासाठी? चोरीची विंडोज काढून उघड्या दाराची विंडोज बसवण्यात शहाणपण दिसत नाही.

पाना-पक्कड

निळाई, आपला आक्षेप मला मान्य आहे, आणि म्हणूनच मी परवाना, आवृत्ती आणि प्रत असे तीन भाग वेगळे केले होते. बोर्डावरची विंडोज १० होमची की विंडोज ११ होमलाही चालते. अकराव्या पिढीचा प्रोसेसर विंडोज ११ च्या अटींत बसतो, टीपीएम २.० (विंडोज ११ ला लागणारी सुरक्षेची सोय) बायोसमध्ये बंद ठेवलेले असेल तर तेवढे सुरू करावे लागेल. इंटेलच्या यंत्रांत ते ‘पीटीटी’ या नावाने दिसते. परवाना आणि आवृत्ती मूळची ठेवून प्रत मात्र नवी बसवावी, असे माझे मत आहे.

ज्यांना कंपनीची हुबेहूब प्रतच हवी आहे, त्यांच्यासाठीही दार बंद नाही. डेलचे ‘ओएस रिकव्हरी टूल’ सर्व्हिस टॅगवरून, लेनोव्होची डिजिटल रिकव्हरी सेवा अनुक्रमांकावरून आणि एचपीचे ‘क्लाउड रिकव्हरी टूल’ उत्पादन क्रमांकावरून त्या त्या यंत्राची प्रत उतरवून देते. अर्थात सगळ्या मॉडेलांना ही सोय मिळतेच असे नाही. ती प्रत बसवल्यावर पहिली संध्याकाळ चाचणी मुदतीचा अँटिव्हायरस आणि कोणी न मागितलेले खेळ काढण्यात जाते, एवढे गृहीत धरावे.

सावकाश, आपण मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत संकेतस्थळावरून विंडोज ११ चे मीडिया क्रिएशन टूल घ्या आणि ८ जीबी किंवा त्याहून मोठ्या पेनड्राइव्हवर इन्स्टॉलर तयार करा. हे काम शक्यतो दुसऱ्या, विश्वासाच्या संगणकावर करावे. विंडोज बसवताना की विचारली जाणार नाही आणि होम की प्रो हेही विचारले जाणार नाही. इन्स्टॉलर बोर्डावरची की वाचून आपोआप योग्य आवृत्ती निवडतो.

पुसण्यापूर्वी एक काम अवश्य करा. ‘डिस्म’ या आज्ञेला ‘एक्स्पोर्ट ड्रायव्हर’ हा पर्याय आहे. तो वापरून सध्या बसलेले सर्व ड्रायव्हर एका फोल्डरात काढून पेनड्राइव्हवर ठेवा. इतर कंपन्यांचे, सही असलेले ड्रायव्हर तेवढे त्यात येतात, त्या तोतया सर्व्हरचा त्याच्याशी संबंध नाही.

सावकाश

आज सकाळी बसवायला घेतले आणि मध्येच अडकलो. पेनड्राइव्हवरून यंत्र सुरू झाले, भाषा निवडली, आणि डिस्क निवडण्याच्या पानावर यादी पूर्णपणे रिकामी! बायोसमध्ये मात्र एसएसडीचे नाव व्यवस्थित दिसते. कंपनीच्या संकेतस्थळावरून स्टोरेजचा ड्रायव्हर उतरवून पेनड्राइव्हवर ठेवला, ‘लोड ड्रायव्हर’ म्हणून तो दाखवला, तरी ‘योग्य ड्रायव्हर सापडला नाही’ असाच संदेश येतो. एसएसडी खराब तर झाली नसेल?

उगवता

एसएसडी धडधाकट आहे, आपण निश्चिंत राहा. अकराव्या पिढीपासून अनेक इंटेल लॅपटॉपांत एनव्हीएमई डिस्क ‘व्हीएमडी’ नावाच्या नियंत्रकामागे ठेवलेली असते, आणि त्याचा ड्रायव्हर इन्स्टॉलरमध्ये नसला की त्याच्यामागची डिस्क त्याला दिसत नाही. आपण बहुधा कंपनीची ईएक्सई फाइल तशीच ठेवली असेल. ‘लोड ड्रायव्हर’ला ती कळत नाही; त्याला आतली सुटी आयएनएफ, एसवायएस आणि कॅट फाइल लागते.

ती शोधायला आता लांब जाण्याची गरजही नाही. जुनी विंडोज याच डिस्कवर चालत होती, म्हणजे तिच्याकडे हा ड्रायव्हर होता, आणि आपण तो ‘डिस्म’ने बाहेर काढून ठेवलेला आहे. त्या फोल्डरात ‘आयएएसटीओआरव्हीडी’ने सुरू होणाऱ्या नावाचा उपफोल्डर शोधा आणि तो दाखवा.

बायोसमध्ये व्हीएमडी बंद करण्याचाही मार्ग काही यंत्रांत असतो आणि नवी विंडोज त्यावर उत्तम चालते. तसे करायचे असेल तर आत्ताच करा, मागाहून नको. विंडोज बसल्यानंतर हे बटण फिरवले, तर पुढच्या वेळी निळा पडदा दिसण्याचीच शक्यता जास्त.

सावकाश

सापडला. फोल्डर दाखवताच यादीत ‘इंटेल आरएसटी व्हीएमडी कंट्रोलर ९ए०बी’ अशी ओळ आली, ‘नेक्स्ट’ दाबले, आणि काही क्षणांत डिस्क आपल्या सर्व पार्टिशनांसह समोर उभी राहिली. आता ही पार्टिशने एकेक करून पुसू, की आणखी काही सोपी युक्ती आहे?

पाना-पक्कड

एकेक करून पुसली तरी चालेल. शेवटी ‘अनअलोकेटेड स्पेस’ अशी एकच ओळ उरली पाहिजे. ती निवडून पुढे जावे, आवश्यक ती पार्टिशने इन्स्टॉलर स्वतः करून घेतो. पुसताना आकार पाहून खात्री करून घ्या. आपली २५६ जीबीची डिस्क तेथे साधारण २३८ जीबी दाखवली जाईल, कारण विंडोज जीबी मोजताना १०२४ च्या पटीत मोजते. त्याच यादीत पेनड्राइव्हही असतो, आणि घाईत त्याच्यावरच हात चालवलेले महाभाग मी पाहिले आहेत. (त्यांपैकी एक मी स्वतः.)

तिसरी घंटा

रिसेटचा सल्ला मी घाईने दिला होता, तो मागे घेतो. भरपाई म्हणून माझ्यावर बेतलेला एक प्रसंग सांगतो, कारण सावकाश यांच्यापुढे आता तोच टप्पा येणार आहे.

मी घेतलेला एक लॅपटॉप पूर्वी कुठल्याशा कार्यालयाच्या ताफ्यातला होता. विंडोज सुरळीत बसली, की योग्य निघाली, पण सुरुवातीच्या मांडणीत इंटरनेट जोडताच पडद्यावर त्या संस्थेचे नाव झळकले आणि तिचाच ईमेल व पासवर्ड मागितला गेला. तीन वेळा पुसून पुन्हा बसवूनही तेच. नंतर कळले की याला ‘ऑटोपायलट’ म्हणतात. यंत्राच्या सुट्या भागांवरून काढलेली ओळख मायक्रोसॉफ्टकडे त्या संस्थेच्या नावाने नोंदलेली असते, त्यामुळे डिस्क पुसून काही साधत नाही. ती नोंद काढण्याचा अधिकार संस्थेलाच असतो. लॅपटॉप परत करण्याची मुदत माझ्या हातून निघून गेली होती. म्हणून सांगतो, नवी विंडोज बसवून इंटरनेट जोडण्याची ही परीक्षा यंत्र घेतल्या घेतल्या करावी.

निळाई

मॅकच्या बाबतीतही याच प्रकारचे कुलूप असते, हे जाता जाता सांगते. टी२ ही सुरक्षा चिप असलेल्या आणि ॲपलच्या स्वतःच्या चिपवरील मॅकवर आधीच्या मालकाचे खाते निघालेले नसेल, तर डिस्क पुसल्यानंतर ‘ॲक्टिव्हेशन लॉक’ आडवे येते. मूळ प्रणाली आणणे मात्र इंटेल मॅकवर फार सोपे आहे. शिफ्ट, ऑप्शन, कमांड आणि आर ही चार बटणे दाबून धरत मॅक सुरू केला, की तो ज्या मॅकओएससह विकला गेला ती, अथवा तिच्या सर्वांत जवळची जी अजून उपलब्ध आहे ती आवृत्ती, इंटरनेटवरून उतरवली जाते. मूळ आवृत्ती हवी असेल तर शिफ्ट विसरू नये. उरलेली तीनच बटणे धरली, तर त्या यंत्रावर चालणारी नवीनतम आवृत्ती येते.

सावकाश

काम पूर्ण झाले, म्हणून सविस्तर कळवतो.

फायली उतरवून झाल्या आणि यंत्र दोनदा बंद-चालू झाल्यावर मांडणीच्या पानावर वाय-फायची यादीच येईना. ‘डिस्म’च्या फोल्डरात वाय-फायचाही ड्रायव्हर असणार हे तेव्हा सुचले नाही, फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग सुरू केले आणि तेवढ्यावर पुढे सरकता आले. तिसरी घंटा यांचा प्रसंग वाचलेला असल्यामुळे इंटरनेट जोडल्यानंतरचा अर्धा मिनिट मी श्वास रोखून बसलो होतो. कोणत्याही संस्थेचे नाव आले नाही. देश आणि कळफलक यांचे साधे प्रश्न आले.

इन्स्टॉलरने आवृत्ती खरोखरच विचारली नाही. डेस्कटॉप उघडल्यावर सेटिंगमध्ये पाहिले, तर ‘विंडोज ११ होम सिंगल लँग्वेज’ आणि त्याखाली ‘डिजिटल परवान्याने सक्रिय’ अशी ओळ होती. मी एकही अक्षर टंकले नव्हते. ‘एसएलएमजीआर’ पुन्हा चालवून पाहिले. केएमएसचा उल्लेख गेला असून आता तेथे ‘ओईएम डीएम’ आहे. नंतर डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळे चिन्ह असलेली चार साधने शिल्लक होती, ती त्याच फोल्डरातून एकेक करून मार्गी लागली.

एकच शंका उरली आहे. डिस्कच्या चिन्हावर लहानसे कुलूप दिसते आहे. मी तर कुठलेही कुलूप लावलेले नाही.

पाना-पक्कड

ते डिव्हाइस एन्क्रिप्शन आहे. मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश केला, की नव्या विंडोज ११ मध्ये ते बहुधा आपोआप सुरू होते. बायोस अद्ययावत केल्यावर किंवा बोर्ड बदलल्यावर यंत्र एखाद्या दिवशी ४८ अंकी रिकव्हरी की मागेल. ती आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जपलेली असते. आजच खात्यात जाऊन ती पाहा आणि पंचवीस अक्षरे ज्या कागदावर उतरवली आहेत, त्याच कागदावर तिचीही नोंद करा. तो कागद मात्र लॅपटॉपच्या पिशवीत ठेवू नका.

सावकाश

पिशवीतच ठेवला होता. आत्ता काढला.